पूजेला बसलेलं मशीन

आम्रपालीनं चार दिवस आधीपासून अख्ख्या कारखान्याला बजावून ठेवलं होतं की, खंडेनवमीला आपण दोनच्या ठोक्याला निघणार, मग वरून देव उतरला तरी थांबणार नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. कारखाना म्हणजे तळवड्यातली एक शेड, चार प्रेस, दोन लेथ आणि कोपऱ्यात काचेचं एक ऑफिस. त्या ऑफिसात आम्रपाली एकटीच बसायची. त्यामुळं माना डोलावणं सोपं होतं. ती गेल्यावर ऑफिस कोण बघणार, हे मात्र कुणीच बोललं नव्हतं.

निघायचं कारणही तसंच होतं. संध्याकाळी पाचला पिंपरी चौकातून नागपूरची बस सुटणार होती. उद्या दसरा, धम्मचक्र प्रवर्तनाचा दिवस, आणि तिची आई जाईबाई आयुष्यात पहिल्यांदा दीक्षाभूमी बघणार होती. साठी उलटलेली बाई, आणि पहिल्यांदा! दर वर्षी जायचं ठरायचं आणि दर वर्षी काहीतरी आडवं यायचं. कधी वडिलांचा ओव्हरटाइम, कधी कुणाचं बाळंतपण, कधी जाईबाई कामाला होती त्या कँटीनमधलं सणाचं जेवण. वडील होते तोवर 'पुढच्या वर्षी नक्की' म्हणायचे. ते गेले, आणि पुढचं वर्ष तसंच पुढं सरकत राहिलं. या वर्षी आम्रपालीनं दोन जागा राखून आईला सांगितलं, तेव्हा जाईबाई एवढंच म्हणाली, "बरं." पण त्या रात्री तिनं पांढरी साडी पेटीतून काढली आणि इस्त्री केली, घडी घातली, घडी मोडली आणि पुन्हा इस्त्री केली. आम्रपालीनं झोपेचं सोंग घेऊन ते पाहिलं. काही झालं तरी ही बस चुकवायची नाही, असं तिनं तेव्हाच ठरवून टाकलं.

आता खंडेनवमी म्हणजे कारखान्याचा सण, आणि या सणाचा कारभारी चिमाजी मिस्त्री. माणूस लातूरकडचा, प्रेसवर उभी हयात घालवलेला, आणि शिस्तीचा एवढा भोक्ता की जमिनीवर वायर लोळताना दिसली तर त्याला जेवण गोड लागायचं नाही. वायरीत पाय अडकून माणूस प्रेसवर कसा पडतो, हे त्यानं तरुणपणी कुठंतरी पाहिलं होतं. तेव्हापासून लोंबतं टोक दिसलं की ते उचलून कुठल्या तरी भोकात घट्ट बसवायचं, हा त्याचा धर्मच झाला होता.

सकाळी त्यानं सगळी यंत्रं रॉकेलनं पुसून आरशासारखी केली, झेंडूच्या माळा घातल्या, हळदकुंकू वाहिलं. आम्रपालीनं हात जोडले नाहीत, पण फडकं मात्र सगळ्यांच्या आधी उचललं. राबणारं यंत्र वर्षातून एक दिवस तरी लखलखीत दिसावं, याला तिची कधीच ना नव्हती. मग चिमाजीची नजर ऑफिसातल्या मशीनकडं गेली. झेरॉक्स काढणारं, छापणारं, कागद स्कॅन करून थेट मेलनं पाठवणारं ते बोजड धूड.

"हे बी मशीनच की ओ, ताई," चिमाजी म्हणाला. "ह्यालाच येगळं कामून ठिवायचं?"

आणि त्यानं सगळ्या वायरी उपटून ते उचललं, पुसलं, स्टुलावर मांडून लेथच्या शेजारी रांगेत बसवलं. आरती झाली, नारळ फुटला, पेढे वाटले. मग मिस्त्रीनं ते पुन्हा जागेवर नेऊन ठेवलं, वायरी जोडल्या आणि हात झटकले. मागे एकही टोक लोंबत नव्हतं. वरून झेंडूची माळ पार भिंतीपर्यंत सोडलेली.

दीडच्या सुमाराला चाकणहून नवनाथचा फोन आला. नवनाथ टेम्पो घेऊन पहाटेच गेला होता. टेम्पोत एका मोठ्या कंपनीसाठी केलेले ब्रॅकेट होते, आणि ती त्या कंपनीची या कारखान्याला मिळालेली पहिली ऑर्डर होती.

"ताई, गेटवर अडकून पडलोय राव," नवनाथ म्हणाला. "तपासणीचा रिपोर्ट मेलवर आल्याशिवाय माल आत घेणार नाही म्हणतायत सोपानराव. पाचला गेट बंद. मग सुट्ट्या. आणि आज माल आत गेला नाही तर ऑर्डर दुसऱ्याला देणार, असं तोंडावर सांगितलंय."

सोपानराव म्हणजे तिथले माल तपासणारे साहेब. त्यांना कुणी हसताना पाहिलं नव्हतं आणि नियम मोडताना तर नाहीच नाही. रिपोर्ट टेबलावर तयार होता, मालक अण्णासाहेबांची सहीसुद्धा झालेली. फक्त स्कॅन करून पाठवायचा. पाच मिनिटांचं काम, असं म्हणून आम्रपालीनं कागद उचलला.

चिमाजी दारात आडवा उभा राहिला.

"ताई, पूजेला बसल्यालं मशीन आज चालवीत न्हाईत. सगळं उद्याच्याला."

हे खरंच होतं. पूजा झाली की त्या दिवशी यंत्राला विश्रांती, ही रीत कारखाना निघाल्यापासून कुणी मोडली नव्हती. अण्णासाहेब मूळचे तळवड्याचेच, ज्यांच्या शेतावर एमआयडीसी आली त्यांतले. त्यांनी डोक्यावरची टोपी मागे सारली आणि क्षणभर विचार केला.

"चिमाजी, लेथ चालला तर लोखंड कापतो. प्रेस चाललं तर पत्रा वाकतो. व्हय का न्हाई?"

"व्हय की."

"ह्ये मशीन कागुद नुसता बघतं आन् बघितल्यालं दुसऱ्याला सांगतं. ह्याला काम म्हनत्यात व्हय? ह्या तर चुगल्या झाल्या!"

या युक्तिवादापुढं चिमाजीनं हात टेकले. आम्रपालीनं कागद काचेवर ठेवला, सोपानरावांच्या नावाचं बटण दाबलं. मशीन गुरगुरलं, थांबलं, आणि पडद्यावर लिहून आलं की नेटवर्क सापडत नाही.

तिनं पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. कॉम्प्युटर उघडून बघितला, तर त्याचंही नेट गेलेलं. मग तिनं भिंतीवरचा नेटचा डबा बंद करून चालू केला. हा उपचार आपल्याकडं पंख्यापासून लिफ्टपर्यंत सगळ्यांवर करतात आणि निम्म्या वेळा लागूही पडतो. या वेळी नाही पडला. डब्यावरचे हिरवे दिवे मात्र झकास लुकलुकत होते. वायर ओढून पाहिली, तर घट्ट. माळ बाजूला सारून मशीनच्या मागे बघावं, हे काही तिला सुचलं नाही, कारण मिस्त्रीनं जोडलेलं सैल असूच शकत नाही, यावर सगळ्या कारखान्याची श्रद्धा होती.

"अख्ख्या तळवड्याचं गेलं असंल," अण्णासाहेबांनी निदान केलं. सणाचा दिवस, लोक घरी, सगळे मोबाइलला चिकटलेले; नेट दमलं असणार. तासाभरानं येईल म्हणून सगळे वाट बघत बसले. आम्रपालीनं मोबाइलवर फोटो काढून सोपानरावांना पाठवला. तिकडून उत्तर आलं, 'नोंदलेल्या मेलवरूनच पाठवा.' तो मेलचा पत्ता अण्णासाहेबांच्या पुतण्यानं उघडून थेट या मशीनमध्ये भरलेला. पुतण्या कॅनडाला गेला, तो पासवर्ड सांगायचं विसरून. मागं एकदा विचारलं, तर म्हणे, "मशीनला माहितीय की, काका!"

तीन वाजून गेले. शेजारच्या शेडमध्ये विचारलं, तर त्यांचं नेट सकाळपासून व्यवस्थित. म्हणजे तळवड्याचं नाही, यांचंच गेलं होतं. आम्रपालीनं मशीन भाड्यानं देणाऱ्या कंपनीच्या मदत नंबरावर फोन लावला. बराच वेळ गाणं ऐकवून झाल्यावर एकानं सांगितलं की, आज निम्मा स्टाफ सुट्टीवर आहे, मॅडम तुम्हाला फोन करतील.

तेवढ्यात जाईबाईचा फोन आला.

"मी आलेय गं चौकात. बसलेय सावलीला."

"आई, आत्ताच? अजून दोन तास आहेत!"

"घरात बसून तरी काय करू? तू ये सावकाश. मला काय घाई न्हाई."

"आई, ऐक. इथं मशीन अडलंय. मला उशीर झाला तर तू पुढं जा. बसमध्ये सगळी आपलीच माणसं आहेत."

मग जाईबाई म्हणाली, "बघू," आणि फोन ठेवला.

आम्रपालीला रडूच कोसळायचं बाकी होतं. अण्णासाहेबांनी ते पाहिलं आणि ते म्हणाले, "तू जा पोरी. आमी बघतो." म्हणाले आणि मशीनच्या पडद्यावर अंगठा असा दाबला, जणू दाराची बेल वाजवतायत. पडद्यावर चिनी अक्षरं उमटली. आम्रपालीनं ती घालवली आणि पर्स पुन्हा खुंटीला लावली. पहिल्या ऑर्डरसाठी सहा महिने सगळ्यांनी जीव ओतला होता, तिनंही. ती सोडून बसमध्ये बसली असती, तर नागपूरपर्यंत घास उतरला नसता.

मदतीचा फोन येईपर्यंत प्रत्येकानं आपापले इलाज करून घेतले. चिमाजीचं म्हणणं, रीत मोडली म्हणून मशीन रुसलंय. त्यानं माफी मागायला काचेवर तळहात ठेवला आणि ताईंनी दाबलं होतं तेच बटण दाबलं. अण्णासाहेबांनी 'कागदच जड असंल' म्हणून आरतीचा फाटका कागद लावून पाहिला. मग चिमाजीनं झेंडूचं फूल ठेवलं, मग नारळाची शेंडी. प्रत्येक वेळी मशीन गुरगुरायचं, उजेड फिरवायचं आणि नेटवर्क सापडत नाही म्हणून गप्प व्हायचं.

चारला फोन वाजला, तो आम्रपालीनं स्पीकरवर लावला. पुनावळ्याहून स्वरूपा नावाच्या मॅडम बोलत होत्या. मागे मिक्सर आणि लहान मूल आळीपाळीनं ओरडत होतं.

"सॉरी हं ताई, पुरण वाटत होते. बोला, डब्यावरचे दिवे लागलेत का?"

"सगळे लागलेत. छान लुकलुकतायत."

"छान म्हणजे? एकेक, की सगळे एकदम?"

आम्रपालीनं नीट पाहिलं. सगळे एकदम, आणि इतक्या वेगानं, की डोळे दिपावेत. तसं सांगितल्यावर पलीकडचा मिक्सर थांबला.

"ताई, त्या डब्यातून निघून परत त्याच डब्यात शिरलेली एखादी वायर आहे का बघा बरं."

"असं कोण करेल?" आम्रपाली म्हणाली, आणि म्हणता म्हणताच तिचं लक्ष चिमाजीकडं गेलं. तिनं झेंडूची माळ वर उचलली. मशीनच्या मागे नेटचं भोक रिकामं होतं. त्याची निळी वायर सुबक वेटोळं घालून भिंतीवर चढली होती, आणि तिची दोन्ही टोकं डब्यात शेजारी शेजारी घट्ट बसवलेली होती.

"मीच बशीवली की," चिमाजी अभिमानानं म्हणाला. "टोक लोंबलालतं. भोक रिकामं दिसलं."

"अहो दादा, स्वतःच्याच शेपटीला धरून गोल गोल फिरतंय तुमचं नेट," स्वरूपा फोनवरून म्हणाली. "एक टोक काढा आणि मशीनला लावा. बाकीचं आपोआप शांत होईल."

आम्रपालीनं टोक उपटून मशीनला लावलं. दिवे एकदम माणसात आले. कॉम्प्युटरचं नेट परतलं. चिमाजीचा चेहरा मात्र पडला. पंचवीस वर्षांत त्याच्या हातून काही बिघडलं नव्हतं. आम्रपालीला त्याची दया आली आणि तेवढाच रागही आला, पण रागवायलाही वेळ नव्हता. सव्वाचार वाजले होते.

तिनं रिपोर्ट पुन्हा काचेवर ठेवला. मशीन गुरगुरलं, आणि नवीनच बातमी दिली की मेल सर्व्हर ओळख द्यायला तयार नाही.

"आता काय!" आम्रपाली ओरडली. "मॅडम, पाचला माझी बस आहे हो. आई तिकडं एकटी बसलीय."

"थांबा, घाबरू नका. मी आहे," स्वरूपा म्हणाली. आणि तिच्या आवाजावरून कळत होतं, की तिनं पुरण आता खरंच बाजूला ठेवलंय. तिनं पासवर्डचं विचारलं, तो कुणी बदललेला नव्हता. मेलचा पत्ता तपासला, तो बरोबर. मशीन बंद करून चालू केलं. त्यात दहा मिनिटं गेली. मग तिनं विचारलं, "आज हे बराच वेळ विजेशिवाय होतं का?"

"सकाळभर पूजेला बसलं होतं."

"मग तारीख काय दाखवतंय?"

आम्रपालीनं पडद्याच्या कोपऱ्यात बघितलं. एक जानेवारी, आणि वर्ष दहा वर्षांपूर्वीचं! आतला छोटा सेल कधीच मेला होता. वीज बराच वेळ गेली की मशीन तारीख विसरणार. आजवर ती कधी इतका वेळ गेलीच नव्हती.

"तेच म्हटलं," स्वरूपा हसली. "ज्याला आजचा दिवस माहीत नाही, त्याच्यावर मेलवाले विश्वास ठेवत नाहीत. घाला तारीख."

तिनं सांगितलेल्या जागी जाऊन आम्रपालीनं दिवस, महिना, वर्ष, वेळ असं सगळं भरलं. घड्याळात पावणेपाच वाजत आले होते. तिनं बटण दाबलं. अण्णासाहेबांनी टोपी काढून हातात घेतली. चिमाजीनं डोळे मिटले.

'पाठवले.'

चिमाजीनं अशी आरोळी ठोकली, की शेडच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली. अण्णासाहेबांनी आम्रपालीच्या डोक्यावर हात ठेवला आणि फोनमध्ये तोंड घालून स्वरूपाला उद्या पोराबाळांसकट जेवायला बोलावलं. आम्रपाली फोनला हात जोडून उभी होती. पण मशीन काही थांबेना. 'पाठवले', 'पाठवले', 'पाठवले' असं एकामागून एक चालूच. दुपारपासून जे जे अडलं होतं, ते सगळं त्यानं पोटात जपून ठेवलं होतं आणि आता रांगेनं बाहेर काढत होतं. सगळ्यांच्या लक्षात यायला क्षणभर लागला. मग कुणी कुणाकडं बघेना.

दोन मिनिटांत सोपानरावांचा फोन. आम्रपालीनं घाबरत तोही स्पीकरवर लावला.

"रिपोर्ट मिळाला. बरोबर आहे," करडा आवाज आला. "त्याच्या मागोमाग एक तळहात आलाय. तो कुणाचा?"

"माझा जी," चिमाजी पुटपुटला.

"आयुष्यरेषा चांगली आहे. नंतर एक आरती आलीय, तिचं शेवटचं कडवं फाटलंय. मग फूल आलं. आणि हे केसाळ काय आहे?"

"नारळाची शेंडी हाय, सायेब," अण्णासाहेबांनी सांगून टाकलं.

मग फोनमधून असा काही आवाज आला, की सगळ्यांना वाटलं सोपानरावांना ठसका लागला. तो ठसका नव्हता. साहेब हसत होते, आणि सवय नसल्यामुळं त्यांना ते आवरत नव्हतं.

"शेंडी पाठवली, मग खोबरं टेम्पोतून का नाही पाठवलं?" दम खात ते म्हणाले. "गेट उघडलंय. तुमचा माल आत आला. सणाच्या शुभेच्छा!"

पाचाला पाच कमी होते. अण्णासाहेबांनी जीपची किल्ली उचलली. जीपलाही सकाळी हार घातला होता, आणि पूजेला बसलेली जीप चालवण्याबद्दल चिमाजी या वेळी चकार शब्द बोलला नाही. उलट त्यानंच पळत जाऊन फाटक उघडलं. "ताई, चुकलंच माझं," तो म्हणाला. "तेवढी गाडी गावू द्या." आम्रपालीनं त्याच्या खांद्यावर थाप मारली. आता तिला त्याचा राग येणं शक्यच नव्हतं.

निगडीत रस्ता अर्धा झेंडूच्या ढिगांनी अडवलेला. अण्णासाहेब हॉर्न वाजवत, खिडकीतून 'सरक की रं दादा' म्हणत जीप दामटत होते. आम्रपालीनं आईला फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. नाही. चिंचवड मागे पडलं तेव्हा साडेपाच झाले होते. निदान आई तरी गेली असेल, असं ती स्वतःला सांगत होती. आणि आई तिच्याशिवाय जाणार नाही, हेही तिला पक्कं ठाऊक होतं.

पिंपरी चौकात जीप वळली आणि समोर बस उभी दिसली. इंजिन बंद. बाहेर पन्नासेक माणसं, सगळी पांढऱ्या कपड्यांत, कुणी घड्याळ बघतंय, कुणी तोंडावर रुमाल धरून हसतंय. बसचं सगळं ठरवणारा धम्मरत्न कपाळाला हात लावून पायरीवर बसलेला.

"आलीस बाई!" तो उठून म्हणाला. "बघ, बघ तुझ्या आईचे प्रताप."

फुटपाथवर सतरंजी अंथरली होती. तिच्यावर ड्रायव्हर मांडी घालून बसला होता, पुढं ताट, आणि ताटासमोर जाईबाई डबा उघडून. पाचाला हा माणूस गाडी काढायला उठला, तेव्हा जाईबाईनं त्याला फक्त विचारलं होतं, "जेवलात का?" तो खरं बोलला, आणि फसला. चटणी, पिठलं, भाकरी, मग अजून एक भाकरी. ताटातलं संपत आलं की जाईबाई नवीन वाढायची. आणि जेवत्या माणसाला ऊठ म्हणायचं कसं? पन्नास माणसांत तेवढं धाडस एकालाही झालं नव्हतं.

"मावशी, आता खरंच बास," ड्रायव्हर काकुळतीला येऊन म्हणत होता. "पोटात जागा न्हाई."

"बास कसं? रातभर गाडी हाकायची. एवढी चतकोर घ्या," असं म्हणत जाईबाईनं मान वर केली आणि तिला समोर लेक दिसली.

ती चतकोर भाकरी तिनं तशीच डब्यात परत टाकली आणि झाकण लावलं.

"हात धुवा आता," ती ड्रायव्हरला म्हणाली. "किती येळ जेवताय, बाबा! सगळी माणसं खोळंबलीत."

चौकात हशा उसळला. अण्णासाहेब जीपला टेकून डोळे पुसायला लागले. आम्रपालीही हसत सुटली आणि हसता हसता रडायला लागली, कारण जन्मभर तिनं आईला थांबतानाच पाहिलं होतं, आणि आज आईनं सगळ्यांना थांबवलं होतं. जाईबाईनं तिचे गाल पदरानं खसाखसा पुसले, सतरंजी झटकली, साडीची निरी नीट केली आणि सगळ्यांच्या आधी बसमध्ये चढली.